न सोडवता वाचलेले समीकरण : उच्च माध्यमिक वर्गातील बीजगणिताचे स्वरूप

दहावी उत्तीर्ण होऊन विज्ञान शाखेच्या अकरावीत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे बीजगणिताच्या तासाला काय वाढून ठेवलेले असते, या प्रश्नाचे घरोघरी मिळणारे उत्तर बहुधा असे असते की, सूत्रे वाढतील, उदाहरणे लांबतील आणि गणित एकूणच अवघड होईल. हे उत्तर खोटे नाही. परंतु सूत्रांची संख्या पाचवीपासून दरवर्षी वाढतच आलेली असते, आणि त्या वाढीची सवय झालेला, दहावीला गणितात उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थीही अकरावीच्या पहिल्या सत्रात का चाचपडतो, याचा उलगडा त्यातून होत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की, या टप्प्यावर सूत्रांपेक्षाही प्रश्न बदलतो. माध्यमिक वर्गात समीकरणाच्या डोक्यावर ‘सोडवा’ ही आज्ञा लिहिलेली असते आणि अव्यक्त राशीची, म्हणजे ज्या संख्येचा शोध चालू आहे तिची, किंमत हाती आली की काम संपते. उच्च माध्यमिक वर्गात तेच समीकरण न सोडवता वाचता यावे अशी अपेक्षा असते : त्याला उत्तर आहे काय, असल्यास किती आहेत, ती कोणत्या जातीच्या संख्यांत सापडतील, त्यांचे परस्परांशी नाते काय, आणि समीकरणातील एखादी संख्या थोडी हलवली तर उत्तरांचे काय होईल. उत्तर काढण्याआधी उत्तराविषयी बोलता येणे, हे या वर्गाचे खरे वेगळेपण होय.

महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांची रचनाच या बदलाची साक्ष देते. बालभारतीने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या दहावीच्या ‘गणित भाग १’ या पुस्तकात, ज्याला शाळांत सरसकट बीजगणिताचे पुस्तक म्हटले जाते, दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी अशी सहा प्रकरणे आहेत. भूमितीचे पुस्तक निराळे आणि तिची प्रश्नपत्रिकाही निराळी. २०१९ साली आलेल्या अकरावीच्या कला व विज्ञान शाखांच्या पुस्तकांत ही वाटणी मोडली आहे. तेथेही दोन भाग आहेत, पण बीजगणित एका भागात बांधलेले नाही : निश्चयक आणि सारणी पहिल्या भागात त्रिकोणमिती व शंकुच्छेदांच्या शेजारी बसतात, तर संमिश्र संख्या, श्रेढी, रचना आणि निवड यांची मोजणी, गणितीय विगमन व द्विपद प्रमेय, संच व संबंध, आणि फलने ही प्रकरणे दुसऱ्या भागात कलनशास्त्राच्या उंबरठ्यावर येतात. बीजगणित हा एक स्वतंत्र विषय न राहता इतर सर्व शाखांची भाषा होतो, म्हणूनच त्याचे नाव मुखपृष्ठावरून जाते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला याच सुमारास विवेचकाला डिस्क्रिमिनंट आणि निश्चयकाला डिटरमिनंट म्हणण्याची सवय करावी लागते, हा भार वेगळाच. तो काही महिन्यांत हलका होतो, एवढे येथे नोंदवणे पुरे.

प्रश्न कसा बदलतो हे पाहण्यास वर्गसमीकरणासारखे दुसरे उदाहरण नाही, कारण ते विद्यार्थ्याच्या ओळखीचे असते. ज्या समीकरणात अव्यक्ताचा वर्ग येतो, परंतु त्याहून वरचा घात येत नाही, ते वर्गसमीकरण; त्याचे सामान्य रूप अक्ष² + बक्ष + क = ०, आणि यातील अ, ब, क या दिलेल्या संख्या म्हणजे सहगुणक. ते सोडवण्याची जी रीत भारतीय परंपरेत श्रीधराचार्यांच्या नावाने ओळखली जाते आणि जी भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या बीजगणितात त्यांच्याच नावाने दिली, ती अशी की, अव्यक्त नसलेले पद उजवीकडे नेऊन दोन्ही बाजूंना अव्यक्तवर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि मग अव्यक्ताच्या सहगुणकाचा वर्ग दोहोंकडे मिळवावा. असे केले म्हणजे डावी बाजू (२अक्ष + ब) या राशीचा पूर्ण वर्ग होते आणि उजवीकडे ब² − ४अक एवढेच उरते. आज शाळेत आधी अ या सहगुणकाने भागून वर्ग पूर्ण करण्याची जी रीत शिकवतात, तिच्यात अपूर्णांकांची गर्दी होते. श्रीधराचार्यांच्या रीतीत शेवटच्या पायरीपर्यंत एकही अपूर्णांक येत नाही. जुनी रीत नवीपेक्षा सुटसुटीत असल्याचे हे एक दुर्लक्षित उदाहरण आहे, आणि शिक्षकांनी ती फळ्यावर परत आणण्यास कोणाची हरकत असू नये.

उजवीकडे उरलेली ब² − ४अक ही राशी म्हणजे विवेचक. सहगुणक वास्तव असताना, म्हणजे संख्यारेषेवर दाखवता येणाऱ्या संख्या असताना, विवेचक धन असेल तर त्याची वर्गमुळे दोन, म्हणून समीकरणाची मुळे दोन व भिन्न. तो शून्य असेल तर दोन्ही मुळे समान. आणि तो ऋण असेल तर, दहावीच्या पुस्तकाच्या भाषेत, मुळे वास्तव संख्या नाहीत. दहावीचा विद्यार्थी हे तीन ओळींचे कोष्टक पाठ करतो, त्यावर नेमलेले उदाहरण सोडवतो आणि पुढे जातो. अकरावीत मात्र हेच कोष्टक केंद्रस्थानी येते. एखादी रेषा वर्तुळाला दोन बिंदूंत छेदते, नुसती स्पर्श करते की बाहेरून जाते, हे ठरवायचे असेल तर रेषेचे समीकरण वर्तुळाच्या समीकरणात ठेवून येणाऱ्या वर्गसमीकरणाचा विवेचक पाहिला की पुरते. छेदनबिंदू काढण्याची गरज पडत नाही. स्पर्शिकेची अट म्हणजे विवेचक शून्य असण्याची अट, हे ज्याला एकदा उमगले त्याला अन्वस्त, विवृत्त आणि अपास्त या तिन्ही वक्रांच्या स्पर्शिकांची सूत्रे निरनिराळी पाठ करावी लागत नाहीत.

विवेचक मुळे किती ते सांगतो; त्यांतले कोणते स्वीकारावे हा प्रश्न उरतो, आणि त्यासाठी भास्कराचार्यांकडे परत जावे लागते. त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग म्हणजे लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. यांतील बीजगणितात वानरांच्या कळपाची दोन उदाहरणे शेजारीशेजारी येतात आणि ती ज्या क्रमाने येतात त्यात शिक्षकाची दृष्टी दिसते. पहिल्यात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळत आहे आणि उरलेले बारा वानर टेकडीवर आहेत. समीकरणातून कळपाची संख्या ४८ किंवा १६ येते आणि दोन्ही उत्तरे प्रसंगाला जुळतात. दुसऱ्यात कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत गेला आहे आणि एक वानर फांदीवर दिसत आहे. येथे ५० आणि ५ अशी उत्तरे येतात. पाचाचा पंचमांश एक, त्यातून तीन गेले की उणे दोन, आणि उणे दोनचा वर्ग चार : चार आणि एक मिळून पाच होतात, म्हणजे समीकरणाच्या दृष्टीने उत्तर निर्दोष आहे. तरीही भास्कराचार्य ते घेऊ नये असे सांगतात, कारण ‘उणे दोन वानर’ ही मधली पायरी लोकव्यवहारात पटत नाही. समीकरणाने मान्य केलेले उत्तर आणि प्रसंगाने मान्य केलेले उत्तर यांतला हा भेद अकरावीच्या वर्गात पदोपदी लागतो. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की मूळ समीकरणात न बसणारे एखादे उत्तर आगंतुकासारखे आत येते, आणि लॉगरिदमच्या समीकरणात ऋण संख्येचा लॉगरिदम मागणारे उत्तर वाटेतच गळते. येथे ताळा पाहणे हा उत्तराचाच भाग होतो.

विवेचकाचा सर्वांत नवलाचा उपयोग ज्या भारतीय शिक्षकाने दाखवला, त्याचे नाव महाराष्ट्रातील गणिताच्या वर्गांत क्वचितच ऐकू येते. दिल्ली कॉलेजात शिकवणारे रामचंद्र यांनी १८५० साली कलकत्त्याहून महत्तम आणि लघुत्तम किमतींच्या प्रश्नांवर एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. एखादी राशी जास्तीत जास्त किंवा कमीत कमी किती होऊ शकते, हे शोधण्याचे काम तोवर कलनशास्त्राचे मानले जात असे. रामचंद्रांनी ते केवळ बीजगणिताने करून दाखवले. लंडनचे गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाती तो ग्रंथ पडला आणि १८५९ साली त्यांनी आपली प्रदीर्घ प्रस्तावना जोडून तो लंडनमध्ये पुन्हा छापवला. डी मॉर्गन यांचा जन्म मदुराईचा होता, ही एक योगायोगाची गोष्ट.

रामचंद्रांची युक्ती समजण्यास अकरावीपेक्षा अधिक ज्ञान लागत नाही. दहा या संख्येचे दोन भाग असे करावयाचे की त्यांचा गुणाकार मोठ्यात मोठा व्हावा. एक भाग क्ष मानला तर दुसरा १० − क्ष, आणि गुणाकार म मानला तर क्ष(१० − क्ष) = म, म्हणजेच क्ष² − १०क्ष + म = ०. आता हे समीकरण सोडवू नये. क्ष ही वास्तव संख्या हवी असेल तर विवेचक ऋण असता कामा नये. विवेचक १०० − ४म आहे, म्हणून म पंचविसाहून मोठा होऊ शकत नाही, आणि तो नेमका पंचवीस असताना विवेचक शून्य होऊन दोन्ही भाग पाच-पाच येतात. तसेच कोणत्याही धन संख्येत तिचा व्यस्त मिळवला तर येणारी बेरीज दोनाहून कमी होत नाही, हेही असेच निघते : बेरीज म मानली की क्ष² − मक्ष + १ = ० हे समीकरण मिळते आणि म² चारापेक्षा लहान असू शकत नाही. येथे विचाराची दिशा उलटलेली आहे हे ध्यानात घ्यावे. विद्यार्थी आजवर सहगुणकांवरून मुळे शोधत आला. येथे मुळे वास्तव असली पाहिजेत या आग्रहावरून सहगुणकालाच मर्यादा घातली जाते. हे एक उदाहरण पूर्णपणे पचवलेला विद्यार्थी उच्च बीजगणिताच्या निम्म्या वाटेवर आला असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही, आणि ते बहुतेक वर्गांत शिकवले जात नाही ही खेदाची बाब आहे.

मुळे न काढता त्यांच्याविषयी बोलण्याचा दुसरा मार्ग म्हणजे मुळे आणि सहगुणक यांचे नाते. वर्गसमीकरणाच्या मुळांची बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ, हे दहावीत कळलेले असते. पुढच्या टप्प्यावर त्याचा अर्थ असा उलगडतो की, मुळांची अदलाबदल केल्यावरही न बदलणारी कोणतीही बहुपदी राशी, उदाहरणार्थ त्यांच्या वर्गांची किंवा घनांची बेरीज, या दोन संख्यांतून थेट मांडता येते.

संमिश्र संख्यांकडे वळताना थोडे अधिक थांबणे भाग आहे, कारण येथे पाठ्यपुस्तकांचा शिरस्ता आणि विषयाचा इतिहास यांची फारकत होते. दहावीत ‘वास्तव मुळे नाहीत’ म्हणून सोडून दिलेली समीकरणे अकरावीत परत येतात आणि विद्यार्थ्याला सांगितले जाते की, जिचा वर्ग −१ आहे अशी एक नवी संख्या मानावी, तिला आय हे अक्षर द्यावे, वास्तव संख्येत तिची पट मिळवून होणाऱ्या संख्येला संमिश्र म्हणावे आणि पुढे चालावे. चौकस विद्यार्थी येथे अडतो आणि त्याचे अडणे रास्त असते : ज्या प्रश्नाला उत्तर नाही असे काल सांगितले, त्याला आज नवे अक्षर देऊन उत्तर आहे म्हणणे ही पळवाट नव्हे काय? भास्कराचार्यांनीही धन आणि ऋण दोन्हींचा वर्ग धनच असल्यामुळे ऋण संख्येला वर्गमूळ नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि त्यांच्या चौकटीत ते बरोबरच होते. वर्गसमीकरणापुरते पाहिले तर संमिश्र संख्यांची निकड खरोखरच जाणवत नाही.

ती निकड घनसमीकरणाने, म्हणजे अव्यक्ताचा तिसरा घात असलेल्या समीकरणाने, निर्माण केली. इटलीतील जेरोलामो कार्डानो यांनी १५४५ साली ‘आर्स माग्ना’ या ग्रंथात घनसमीकरण सोडवण्याचे सूत्र प्रसिद्ध केले, आणि त्या सूत्राने क्ष³ = १५क्ष + ४ या समीकरणापाशी एक विचित्र पेच उभा केला. या समीकरणाचे एक मूळ ४ आहे हे कोणीही पडताळून पाहू शकतो : चाराचा घन ६४, आणि पंधरा चोक साठ अधिक चार मिळून ६४. उरलेली दोन मुळेही वास्तवच आहेत. परंतु सूत्र मात्र उत्तर देते ते २ + √−१२१ आणि २ − √−१२१ या दोन राशींच्या घनमुळांची बेरीज म्हणून. उत्तर डोळ्यांसमोर आहे, आणि तेथे नेणारी वाट मात्र ऋण संख्येच्या वर्गमुळातून जाते. रफाएल बोम्बेल्ली यांनी १५७२ च्या आपल्या बीजगणितात धीर करून त्या वाटेने चालून पाहिले : √−१ नेहमीच्या नियमांनी वागते असे धरले तर २ + √−१ या राशीचा घन २ + ११√−१ येतो, आणि ११√−१ म्हणजेच √−१२१. म्हणून एक घनमूळ २ + √−१, दुसरे २ − √−१, आणि त्यांची बेरीज करताना काल्पनिक भाग एकमेकांना छेदून चार उरतात. वास्तव उत्तरापर्यंत पोहोचण्यासाठीच ज्या संख्यांचा आधार घ्यावा लागला, त्यांना पळवाट म्हणता येत नाही. हा सगळा हिशोब फळ्यावर दहा मिनिटांत होतो आणि त्यात अकरावीच्या विद्यार्थ्याला न झेपणारे काहीच नाही; तो वगळून थेट आयचे घात मोजण्याची उदाहरणे देणे म्हणजे विषयाचा पायाच झाकून ठेवणे होय.

त्यानंतरची दोनशे-सव्वादोनशे वर्षे या संख्या वापरात राहिल्या, पण त्या आहेत कोठे हे कोणाला नीट सांगता येत नव्हते. कॅस्पर वेसेल यांनी १७९७ साली आणि जाँ-रोबेर आर्गां यांनी १८०६ साली, एकमेकांचे काम माहीत नसताना, त्यांना प्रतलावर जागा दिली : वास्तव भाग आडव्या अक्षावर, काल्पनिक भाग उभ्या अक्षावर. या चित्रात √−१ ने गुणणे म्हणजे आरंभबिंदूभोवती काटकोनातून फिरणे; दोनदा फिरले की दिशा नेमकी उलटी होते, म्हणजे −१ ने गुणल्यासारखे होते, आणि काल्पनिक म्हणून हिणवलेल्या संख्येतले गूढ येथे संपते. अकरावीतील एकाची तीन घनमुळे याच चित्रात वर्तुळावर समान अंतराने बसलेली दिसतात आणि त्यांची बेरीज शून्य का, हे सूत्राशिवाय कळते. १७९९ साली कार्ल फ्रीड्रिख गाउस यांनी आपल्या प्रबंधात ज्या विधानाची सिद्धता मांडली, त्याला बीजगणिताचे मूलभूत प्रमेय म्हणतात : न घाताच्या बहुपदी समीकरणाला संमिश्र संख्यांत, पुनरावृत्त मुळे तितक्या वेळा मोजली असता, नेमकी न मुळे असतात. सिद्धता या वर्गात येत नाही. विधान मात्र कळते, आणि विवेचकाचे तीन ओळींचे कोष्टक एका वाक्यात सामावते.

फलने आणि श्रेढी यांविषयी थोडक्यात सांगता येईल. फलन म्हणजे एका संचातील प्रत्येक घटकाला दुसऱ्या संचातील एक आणि एकच घटक नेमून देणारा नियम. अकरावीतील विद्यार्थ्याला पहिल्यांदाच हे विचारले जाते की हा नियम कोठे लागू आहे, त्यातून कोणकोणत्या किमती मिळू शकतात आणि तो उलटवता येतो काय. घातांकी फलन उलटवले की लॉगरिदम मिळतो. भूमिती श्रेढीत अनंत पदांची बेरीज सान्त असू शकते, हे मान्य करायला काहींना वेळ लागतो, तो लागू द्यावा.

रचना आणि निवड यांची मोजणी, ज्यांना विद्यार्थी पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन म्हणतात, हे प्रकरण हुशार विद्यार्थ्यांचाही घाम काढते, कारण येथे सूत्रे दोनच असतात आणि कोठे कोणते लावायचे हे सूत्र सांगत नाही. क्रम महत्त्वाचा आहे की नाही, हे प्रसंग वाचूनच ठरवावे लागते. मराठी विद्यार्थ्याजवळ या प्रकरणाची एक किल्ली आधीपासूनच असते. व्याकरणाच्या तासाला अक्षरगणवृत्तांसाठी त्याने य, र, त, न, भ, ज, स, म हे आठ गण पाठ केलेले असतात. तीन अक्षरे, प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू, म्हणून एकूण प्रकार दोनाचा घन म्हणजे आठ. त्यांत तिन्ही गुरू असलेला मगण एक. दोन गुरू असलेले यगण, रगण आणि तगण तीन. एकच गुरू असलेले जगण, भगण आणि सगण तीन. आणि सर्व लघु असलेला नगण एक. एक, तीन, तीन, एक : हेच आकडे (अ + ब)³ च्या विस्तारात सहगुणक म्हणून येतात, आणि द्विपद प्रमेय, म्हणजे दोन पदांच्या बेरजेचा कोणताही घात विस्तारण्याचा नियम, मोठ्या घातांसाठी तेच सांगतो. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर दहाव्या शतकात टीका लिहिणाऱ्या हलायुधाने या आकड्यांचा मेरुप्रस्तार, म्हणजे त्यांची त्रिकोणी मांडणी, वर्णिला आहे. पास्कल यांचा त्याच त्रिकोणावरील ग्रंथ १६६५ साली छापला गेला. गणांची मोजणी आणि द्विपद विस्तार ही दोन तासांना दोन वेगळ्या शिक्षकांनी शिकवलेली एकच गोष्ट आहे, हे शाळेत सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

द्विपद प्रमेयाच्या शेजारी गणितीय विगमन येते. एखादे विधान पहिल्या नैसर्गिक संख्येसाठी खरे आहे, आणि ते कोणत्याही एका संख्येसाठी खरे असल्यास पुढच्या संख्येसाठीही खरेच असते, एवढे दाखवले की ते सर्व नैसर्गिक संख्यांसाठी सिद्ध होते. पहिल्या न विषम संख्यांची बेरीज न² असते, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. चार-पाच किमती घालून पाहिल्यावर विद्यार्थ्याची खात्री पटलेली असते आणि सिद्धतेची कटकट कशाला, असा त्याचा प्रश्न असतो. त्याला ऑयलर यांची न² + न + ४१ ही राशी द्यावी. न च्या जागी ० पासून ३९ पर्यंत कोणतीही संख्या घातली तरी मूळ संख्याच मिळते. चाळीस घातले की १६८१ मिळतात, आणि ते एकेचाळिसाचा वर्ग आहेत. चाळीस वेळा खरे ठरलेले विधान एकेचाळिसाव्या वेळी खोटे ठरले, हे पाहिल्यावर कटकटीची तक्रार सहसा राहत नाही.

सारणी म्हणजे संख्यांची आडव्या ओळींत व उभ्या स्तंभांत केलेली मांडणी. तिचे स्वतंत्र अंकगणित आर्थर केली यांनी १८५८ साली मांडले, आणि त्यात विद्यार्थ्याच्या दोन जुन्या सवयी मोडतात. गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकते. आणि दोन शून्येतर सारण्यांचा गुणाकार शून्य सारणी येऊ शकतो. दुसरी गोष्ट अधिक हादरा देणारी आहे, कारण अवयव पाडून वर्गसमीकरण सोडवताना ‘गुणाकार शून्य म्हणजे दोहोंपैकी एक शून्य’ या तत्त्वावरच सगळा डोलारा उभा होता, आणि ते तत्त्व संख्यांचा एक विशेष गुण आहे, निसर्गनियम नव्हे, हे येथे प्रथम कळते. रेषीय समीकरणांच्या संचाला एकच एक उकल आहे काय, हे, जितकी समीकरणे तितकीच अव्यक्ते असताना, सहगुणकांच्या निश्चयकावरून, म्हणजे त्यांच्या चौरस सारणीतून ठरावीक रीतीने काढलेल्या एका संख्येवरून, ठरते : तो शून्य नसेल तर उकल एकच, शून्य असेल तर एकही नाही किंवा अनंत. विवेचकाने वर्गसमीकरणासाठी केलेले काम निश्चयक येथे करतो, आणि बारावीत निश्चयकाचा संबंध प्रतले व रेषा यांच्याशी जोडला जातो.

परीक्षांच्या व्यवहाराविषयी बोलल्याशिवाय हे वर्णन प्रामाणिक होणार नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी राज्यात घेतल्या जाणाऱ्या सामायिक प्रवेश परीक्षेत गणिताचे ५० बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकी दोन गुण आणि नव्वद मिनिटे असा आराखडा चालत आला आहे, आणि त्यातील सुमारे एक पंचमांश प्रश्नच अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत तर अकरावी येतच नाही. बीजगणिताचा मोठा भाग अकरावीत असल्यामुळे या वाटपाचा थेट परिणाम असा होतो की, पुष्कळ ठिकाणी अकरावीचे वर्ष बारावीची पूर्वतयारी म्हणून उरकले जाते आणि संमिश्र संख्या किंवा द्विपद प्रमेय ही प्रकरणे शेवटच्या आठवड्यांत सूत्रांच्या चिठ्ठीवर येतात. बहुपर्यायी प्रश्नात दिलेली चार उत्तरे समीकरणात घालून पाहण्याची सोय असते, आणि ती वापरण्यात गैर काही नाही. मात्र वर्षभर तोच सराव केलेल्या विद्यार्थ्याला समीकरण वाचण्याची वेळच येत नाही, आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या गणितात, जेथे पर्याय छापलेले नसतात, ती उणीव उघडी पडते.

या वर्गात येताना विद्यार्थ्याने बरोबर आणावयाची शिदोरी मात्र अगदी साधी आहे. कंसाबाहेरील उणे चिन्ह आतील प्रत्येक पदाला लागते. बेरजेचे वर्गमूळ हे वर्गमुळांची बेरीज नव्हे. अपूर्णांकात अंश-छेदांतील पदे छेदता येत नाहीत, अवयव छेदता येतात. आणि घातांकांचे नियम क्षणाचाही विचार न करता वापरता आले पाहिजेत. अकरावीतील उत्तरे चुकतात ती बहुतांशी नव्या संकल्पनेपाशी चुकत नाहीत, आठवी-नववीच्या या जागांपाशी चुकतात, आणि तेथे महिनाभर जुन्या पुस्तकांवर हात फिरवणे हे कोणत्याही शिकवणीपेक्षा अधिक फलदायी ठरते. शिवाय एका उदाहरणाला दोन पाने आणि अर्धा तास लागू शकतो, याची मनाशी तयारी असावी. दहावीत तसे झाले तर आपले काहीतरी चुकले असा अर्थ होता, येथे तो होत नाही.

शेवटी, समीकरण न सोडवता वाचण्याच्या मूळ मुद्द्याकडे परत येऊ. घनसमीकरणाप्रमाणेच चौथ्या घाताच्या समीकरणाचेही सूत्र कार्डानो यांच्या ग्रंथातच आले होते, आणि पाचव्याचे सूत्र त्यानंतर पावणेतीनशे वर्षे शोधले जात होते. नॉर्वेच्या नील्स हेन्रिक आबेल यांनी १८२४ साली सिद्ध केले की बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळे घेणे एवढ्याच क्रियांनी पाचव्या घाताचे सामान्य समीकरण सोडवणारे सूत्र असूच शकत नाही. कोणते समीकरण सुटेल आणि कोणते नाही, याचा निकष एव्हारिस्त गाल्वा यांनी मुळांच्या अदलाबदलींच्या अभ्यासातून दिला, आणि १८३२ साली वयाच्या विसाव्या वर्षी ते गेले. क्ष⁵ − क्ष − १ = ० हे अशा न सुटणाऱ्या समीकरणांपैकी एक आहे. अकरावीच्या वर्गात शिकलेला विद्यार्थी त्याविषयी तरीही बरेच सांगू शकतो. क्ष = १ घातले तर डावी बाजू −१ येते आणि क्ष = २ घातले तर २९, म्हणून मधे कोठेतरी ती शून्य होते; एकाच्या पुढे ती सतत वाढत जाते, म्हणून तेथे मूळ एकच. शून्य ते एकच्या दरम्यान क्ष⁵ हा क्षहून मोठा होत नाही, म्हणून बाजू ऋणच राहते. उणे एक ते शून्यच्या दरम्यान क्ष⁵ − क्ष धन असला तरी एकापर्यंत पोहोचत नाही. आणि उणे एकाच्या पलीकडे ती पुन्हा ऋणच. म्हणजे वास्तव मूळ एकच, एक आणि दोन यांच्या मधले. सहगुणक वास्तव असल्यामुळे उरलेली चार मुळे संमिश्र संख्यांच्या दोन जोड्यांत येतात, प्रत्येक जोडीतील एक मूळ आडव्या अक्षात दुसऱ्याचे प्रतिबिंब असते, आणि चौथ्या घाताचे पद समीकरणात नसल्यामुळे पाचही मुळांची बेरीज शून्य आहे.